प्रोग्रामचेही चावडी वाचन करा!

एरर आली की लगेच फोन नको. आधी वाचा, शोधा आणि मग विचारा

शेतावरचा पंप बंद पडला तर तुम्ही काय करता? लगेच वायरमनला बोलावणे धाडत नाही. आधी लाइट आहे का ते बघता. लाइट असेल तर तिन्ही फेज येताहेत का, फ्यूज उडालाय का, स्टार्टरचा रिले ट्रिप झालाय का, हे एकेक करून पाहता. मोटर फिरते पण पाणी येत नाही, असे असेल तर फूटव्हॉल्व्ह, म्हणजे आपला 'फुटबॉल', पाणी धरतोय का ते तपासता. एवढे करूनही जमले नाही, तरच माणूस बोलावता. तो आला की त्याला पहिल्याच वाक्यात सांगता, "फेज तिन्ही आहेत, फ्यूज बघितला, मोटर गुणगुणते पण उचलत नाही." त्या माणसाचे अर्धे काम तिथेच झालेले असते.

आता त्याच घरातला मुलगा किंवा मुलगी कॉम्प्युटरसमोर बसलेली बघा. कॉलेजातल्या सरांनी प्रोग्राम लिहायला दिलेला आहे. चार ओळी लिहून झाल्या, बटण दाबले आणि पडद्यावर लाल अक्षरे उमटली. लगेच फोन जातो, "सर, एरर आली." "कोणती एरर?" "माहीत नाही सर, लाल अक्षरांत काहीतरी इंग्रजी आलंय." पुढचा प्रश्न विचारायच्या आत पोरगा म्हणतो, "तुम्हीच येऊन बघा ना."

बापाला पंपाबाबत जे जमते, ते पोराला प्रोग्रामबाबत का जमू नये? रीत एकच आहे. ती त्याला कोणी सांगितलेली नाही, एवढेच. म्हणून हा लेख. ग्रामीण पानावर कॉम्प्युटरचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर पुढे वाचा.

विचारायला घरात कोणी नाही

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा आपल्या डोळ्यांदेखत बदलला. उल्हास नदीच्या काठची भाताची खाचरे गेली आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या. बदलापूर गाव, मुळगाव, वांगणी या बाजूला अजून भात लावला जातो. भातामागून वाल पेरला जातो. पण घरातली सगळी पोरे त्या जमिनीवर पोसली जाणार नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून कोणी आयटीआयला 'कोपा' या ट्रेडला जातो, म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर आणि प्रोग्रामिंग असिस्टंटचा अभ्यासक्रम. कोणी बीएस्सी आयटी करतो, कोणी इंजिनिअरिंगला. पहाटेची लोकल पकडून कल्याण, ठाण्यापर्यंत ही पोरे जातात.

यातली कितीतरी मुले घरातली पहिलीच असतात. शहरातल्या मुलाचा बाप नाहीतर काका त्याच धंद्यात असतो. रात्री जेवताना विचारले तरी उत्तर मिळते. आपल्या पोराला रात्री दहा वाजता विचारायला कोणी नसते. क्लासवाले सर उद्या भेटणार, म्हणजे आजची रात्र वाया. असे करता करता विषय मागे पडतो आणि पोरगा म्हणायला लागतो, "आपल्याला हे झेपणारं नाही." खरे म्हणजे त्याची बुद्धी कमी पडत नाही. चूक शोधण्याची सवय कमी पडते. ज्याला विचारायला कोणी नाही, त्याला ही सवय सगळ्यांत जास्त लागते.

पुढे नोकरीच्या परीक्षेतही तेच. तिथे प्रोग्राम देतात आणि एकट्याला बसवतात. शेजारी सर नसतात. चूक आपली आपल्याला सापडली तर नोकरी, नाहीतर घरी.

दुसरी बाजू गावच्या कारभाराची. ग्रामपंचायतीत २०११ पासून 'संग्राम' केंद्रे आली, पुढे त्यांच्या जागी 'आपले सरकार सेवा केंद्र' आले. दाखले, कर, जमाखर्च सगळे कॉम्प्युटरवर गेले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याच्या स्वतःच्या मोबाईलवर आली. म्हणजे एरर आता प्रत्येकाच्या बांधावर आलेली आहे. केंद्रावरच्या पडद्यावर काही अडले आणि केंद्रचालक "तालुक्याहून माणूस येईल तेव्हा बघू" म्हणाला, की दाखल्यासाठी आलेली म्हातारी तशीच माघारी जाते. तिचा दिवस बुडतो आणि रिक्षाभाडेही जाते. अडचण तर कधी कधी एवढीच असते, की तारखेच्या रकान्यात महिना आधी आणि दिवस नंतर लिहिलेला असतो.

किडा खोडात, पिवळेपणा पानावर

प्रोग्राममधल्या चुकीला इंग्रजीत 'बग' म्हणतात. बग म्हणजे किडा. हा शब्द यंत्रांच्या बिघाडासाठी तसा जुना, एडिसनच्या काळातला. पण त्याची एक गंमत नोंदलेली आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्डच्या 'मार्क टू' या भल्यामोठ्या गणकयंत्रात खरोखरच एक पतंग सापडला. तो रिलेमध्ये अडकला होता. कर्मचाऱ्यांनी तो काढून नोंदवहीत चिकटवला आणि खाली लिहून ठेवले, की किडा खरोखर सापडल्याची ही पहिली वेळ. ती वही आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

त्या लोकांनी दोन कामे केली. यंत्र नुसते बंद करून चालू केले नाही, आत कुठे अडकले आहे ते शोधत गेले. आणि सापडल्यावर लिहून ठेवले. आजही चूक शोधण्याची रीत हीच.

किडीचे तुम्हाला सांगायला नको. भाताचा मधला पोंगा वाळलेला दिसतो. नवखा माणूस वाळलेल्या पानावर औषध मारत बसतो. जाणता माणूस पोंगा ओढून बघतो. तो सहज हातात आला की खोड चिरतो आणि आत अळी दाखवतो. लक्षण एका जागी, रोग दुसऱ्या जागी. प्रोग्रामचेही असेच असते. 'सी' भाषेत ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यावा लागतो. तो दहाव्या ओळीवर राहिला, तर कॉम्प्युटर कधी कधी अकराव्या ओळीवर अडतो आणि अकरावाच आकडा दाखवतो. पोरगा अकराव्या ओळीकडे तासभर बघत बसतो. ती ओळ अगदी बरोबर असते. म्हणून नियम असा, की दाखवलेली ओळ बघा, आणि तिथे काही नसेल तर तिच्या वरची ओळ बघा.

पहिले काम : वाचणे

लाल अक्षरे दिसली की घाबरायचे कारण नाही. ती शिवी नाही, तक्रारीचा कागद आहे. त्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात : कोणत्या फाईलमध्ये, कितव्या ओळीवर, आणि काय बिघडले. इंग्रजी असली तरी ती ठरावीक वीस-पंचवीस वाक्ये आहेत. खतांच्या पिशवीवरचे इंग्रजी आपण ओळखायला शिकलो, तशी हीही ओळखीची होतात.

पायथन भाषेत एररचा मजकूर लांबलचक येतो. तिथे सगळ्यांत शेवटची ओळ आधी वाचावी. काय बिघडले ते तिथे असते. तिथून वर जात जात कुठे बिघडले ते मिळते. 'सी' भाषेत उलटे. एकदम तीस चुका दाखवल्या तर भिऊ नये. पहिली चूक आधी दुरुस्त करावी आणि पुन्हा चालवून बघावे. पुष्कळदा एका चुकीच्या पोटी बाकीच्या आलेल्या असतात. वरचा बांध फुटला की खालची सगळी खाचरे वाहतात. खालच्या दहा जागी माती टाकून काय उपयोग? वरचा बांध आधी धरा.

वाचले की तो मजकूर वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या. "काहीतरी एरर आली" असे लिहू नका. पुढे कोणाला विचारायचे झाले तर हाच कागद कामी येतो, आणि तीच चूक महिन्याभराने पुन्हा आली तर उत्तर वहीतच सापडते.

प्रोग्रामचे चावडी वाचन

२०१७ चा उन्हाळा आठवा. हाताने लिहिलेले सातबारा कॉम्प्युटरवर चढवले होते. चढवताना कोणाचे नाव चुकले, कोणाचे क्षेत्र कमी-जास्त झाले, कोणाचा हिस्सा राहिला. या चुका कॉम्प्युटरला सापडल्या का? नाही. त्याला कसे कळणार, की अमक्याची जमीन वीस गुंठे आहे, दोन गुंठे नाही? मग सरकारने गावोगाव चावडी वाचन लावले. तलाठ्याने सातबारा मोठ्याने वाचायचा, खातेदारांनी समोर बसून ऐकायचे, आणि "थांबा भाऊसाहेब, हे बरोबर नाही" म्हणून तिथल्या तिथे दाखवायचे. नुसते नजरेखालून घातलेले जे निसटले होते, ते मोठ्याने वाचल्यावर पकडले गेले.

प्रोग्रामची चूक शोधायला याहून चांगला उपाय अजून निघालेला नाही. अमेरिकेतल्या अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांनी १९९९ मध्ये 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर' हे पुस्तक लिहिले. त्यात एका प्रोग्रामरची गोष्ट आहे. तो टेबलावर रबराचे बदक ठेवतो आणि त्या बदकाला आपला प्रोग्राम ओळीओळीने समजावून सांगतो. सांगता सांगता त्याची त्यालाच चूक सापडते. त्यांचे बदक, आपली चावडी! गोष्ट तीच.

घरात हे कसे करायचे? पोराने प्रोग्राम पुढ्यात घ्यावा आणि आजीला नाहीतर धाकट्या भावाला एकेक ओळ सांगावी. "ही ओळ शेताचे गुंठे विचारते. ही ओळ त्याचं हेक्टर करते. ही ओळ..." आणि इथे तो अडखळतो. "अरे, हेक्टर करायचं राहिलंच की!" आजीला कॉम्प्युटरमधले काही कळायची गरज नाही. तिने फक्त "बरं, मग?" एवढे म्हणत राहायचे.

जुन्या काळी हे सक्तीनेच घडत असे. भोक पाडलेल्या कार्डांवर प्रोग्राम लिहून तो गठ्ठा यंत्रघरात द्यायचा आणि निकालाची वाट बघत बसायचे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा आपल्या देशात बनलेला कॉम्प्युटर चालू झाला, १९६४ मध्ये तिथे परदेशी 'सीडीसी ३६००' आला. तेव्हा यंत्राचा वेळ मोलाचा. म्हणून माणसे कागदावर दहा वेळा तपासून मगच गठ्ठा देत. आज बटण दाबले की उत्तर, त्यामुळे विचार न करता बटण दाबत राहायची सवय लागली.

तीन प्रकारची चूक, एका शेताचे उदाहरण

समजा, मुलीने आपल्या घरासाठी एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. शेताचे गुंठे सांगायचे आणि भाताला युरिया किती लागेल ते विचारायचे. कोकणपट्टीत भाताला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस धरतात. युरियात ४६ टक्के नत्र. म्हणजे हेक्टरी सुमारे २१७ किलो युरिया. हिशेब सोपा आहे. आता चुका बघा.

पहिली चूक लिखाणातली. कंस उघडला आणि बंद केला नाही, शब्दाचे स्पेलिंग चुकले. प्रोग्राम सुरूच होत नाही. ही सगळ्यांत सोपी चूक, कारण कॉम्प्युटर स्वतःच ओरडतो.

दुसरी चूक जातीतली. घरच्या दोन तुकड्यांचे गुंठे मिळवायचे आहेत, एक २० आणि एक १५. प्रोग्राम उत्तर देतो २०१५! पोरगी चक्रावते. झाले असे, की पायथनमध्ये माणसाने टाईप केलेले सगळे आधी 'अक्षरे' म्हणून येते. अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणे. त्याला आधी सांगावे लागते, की बाबा, ही संख्या आहे. त्यासाठी 'इंट' हा एक शब्द लिहिला, की उत्तर ३५ येते. अशा वेळी प्रत्येक पायरीला आकडा पडद्यावर छापून बघावा. पाटाचे पाणी शेवटच्या वाफ्यात पोहोचत नसेल तर आपण पाटाच्या कडेने चालत जातो आणि कुठे फुटले ते बघतो, तसेच.

तिसरी चूक सगळ्यांत वाईट, कारण तिथे लाल अक्षर दिसतच नाही. प्रोग्राम छान चालतो, उत्तरही देतो, पण उत्तर खोटे. मुलीने ४० गुंठे टाकले आणि पडद्यावर आले ८,६९६ किलो. ४५ किलोच्या गोणीप्रमाणे १९३ गोण्या! एका एकराला! कॉम्प्युटरला यात काही गैर वाटत नाही. पण घरातला कोणीही शेतकरी हसेल आणि म्हणेल, "अगं, एकराला दोन गोण्या लागतात." बरोबर. ४० गुंठे म्हणजे ०.४०४७ हेक्टर, त्याला लागतो ८८ किलो युरिया, म्हणजे दोन गोण्यांच्या थोडा आत. गुंठ्यांचे हेक्टर करायची ओळ राहिली होती, म्हणून कॉम्प्युटरने चाळीस हेक्टर धरले.

इथे शेतकरी बंधूंनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही तिसरी चूक कॉम्प्युटर पकडत नाही. पुष्कळदा क्लासवाले सरही पकडत नाहीत, कारण त्यांना एकरी किती युरिया पडतो ते माहीत नसते. ती तुम्ही पकडता. तेव्हा "आम्हाला त्यातलं काय कळतंय" असे म्हणून बाजूला होऊ नका. उत्तर खरे वाटते का, हे सांगायला कॉम्प्युटर यावा लागत नाही. आणि मुलांनी आधी असा आकडा टाकून बघावा, ज्याचे उत्तर आपल्याला तोंडपाठ आहे. ते बरोबर आले तरच पुढचे खरे मानावे.

एका वेळी एकच बदल

उल्हासनगरचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये तिला उल्हासनगर नाव मिळाले. हाती काही नसताना या लोकांनी वस्तू उघडून, बघून, पुन्हा जोडून धंदे उभे केले. 'यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे. विनोद सोडा, त्यातली उघडून बघण्याची हिंमत घेण्यासारखी आहे.

चांगला दुरुस्तीवाला रेडिओ उघडला की सगळे भाग बदलत सुटत नाही. मीटर लावतो, एक जागा तपासतो, मग पुढची. मध्यावर तपासले आणि तिथपर्यंत ठीक असेल तर बिघाड पुढच्या अर्ध्यात, हे त्याला कळते. अंबरनाथच्या एमआयडीसीत काम करणारा फिटरही मशीनचे हेच करतो.

प्रोग्राम पन्नास ओळींचा असेल तर खालच्या पंचवीस ओळी तात्पुरत्या बाजूला ठेवा. चालला? मग चूक खाली. नाही चालला? मग वर. असे दोन-चार वेळा अर्धे अर्धे केले की चूक पाच ओळींत कोंडली जाते. आणि एका वेळी एकच बदल करा. एकाच दिवशी खत, कीटकनाशक आणि पाणी तिन्ही बदलले आणि पीक सुधारले, तर कशाने सुधारले ते कधीच कळत नाही. बदल करूनही सुधारणा झाली नाही, तर तो बदल मागे घ्या आणि मगच दुसरा करा. मूळ फाईलची एक नक्कल आधी ठेवावी, हे सांगायला नकोच.

ग्रामपंचायतीच्या टेबलावर

ग्रामपंचायत अधिकारी, शिपाई, केंद्रचालक यांना प्रोग्राम लिहावा लागत नाही, पण एक्सेलचा तक्ता रोजचा. एमएस-सीआयटी २००१ साली सुरू झाली आणि बहुतेकांनी ती केलेली आहे. तरी घरपट्टीच्या तक्त्यात नेहमी अडणाऱ्या चार गोष्टी इथे देतो.

रकान्यात आकड्याऐवजी नुसत्या हॅश चिन्हांची रांग दिसली तर काही बिघडलेले नाही. रकाना अरुंद आहे, तो रुंद करा. 'डिव्ह झिरो' असे आले तर कुठेतरी शून्याने नाहीतर रिकाम्या घराने भागाकार झाला आहे. 'व्हॅल्यू' असे आले तर आकड्याच्या जागी कोणीतरी अक्षर लिहिले आहे, 'रु. ५००' असे लिहिण्याची आपली सवय असतेच. 'रेफ' आले तर सूत्र ज्या घराकडे बघत होते ते घरच कोणीतरी काढून टाकले आहे.

आणि चौथीहूनही लबाड पाचवी : एरर काहीच नाही, पण बेरीज कमी येते. अशा वेळी रकान्यातले आकडे बघा. संख्या आपोआप उजवीकडे चिकटते. एखादा आकडा डावीकडे चिकटलेला दिसला, तर तो संख्या नसून अक्षरे म्हणून बसला आहे, आणि बेरजेत धरलाच गेलेला नाही. वसुलीचा तक्ता जुळत नाही म्हणून रात्रभर पावत्या उलटण्याआधी एवढे बघून घ्या.

विचारायचे कसे?

याचा अर्थ कोणाला विचारूच नये, असा मुळीच नाही. विचारण्यात लाज कसली? हट्टाने तीन दिवस एकाच चुकीपाशी बसून राहणे हेही शहाणपण नव्हे. अर्धा-पाऊण तास मनापासून शोधावे. चूक मोठी असेल तर एक दिवस. मग विचारावे. पण तयारीने विचारावे.

कृषी खात्याच्या माणसाकडे रोगट पीक दाखवायला जाताना जाणता शेतकरी नुसते एक पान खिशात घालून नेत नाही. मुळासकट चूड उपटून नेतो. वाण कोणते, लावणी कधीची, कोणते खत दिले, काय फवारले आणि त्याने काय झाले, हे सांगतो. मग उत्तर पाच मिनिटांत मिळते. एररबाबतही पाच गोष्टी सांगा. मला काय करायचे होते? मी काय केले? काय व्हायला हवे होते? त्याऐवजी काय झाले, लाल मजकूर शब्दाला शब्द? आणि आतापर्यंत काय काय करून पाहिले? हे पाच मुद्दे लिहायला बसलात की निम्म्या वेळा उत्तर लिहितानाच सापडते आणि विचारायची गरजच उरत नाही.

सांगणाऱ्यानेही एक पथ्य पाळावे. लगेच कीबोर्ड आपल्याकडे ओढू नये. "एरर काय म्हणते ती आधी वाचून दाखव" असे म्हणावे. पोहायला शिकवणारा पाठीवर हात ठेवतो, पण स्वतः पोहून दाखवत काठावर नेत नाही.

शिकण्याची साधनेही आता घरबसल्या आहेत. पवईच्या आयआयटीत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम उभा राहिला. दहा-दहा मिनिटांचे धडे, बघत बघत शेजारी स्वतः करायचे. प्रोग्रामिंगच्या भाषा, तक्ते करण्याचे लिबरऑफिस असे विषय आहेत, आणि पुष्कळ धड्यांचे निवेदन मराठीतही आहे. पैसे लागत नाहीत. एरर आली तर तो लाल मजकूर जसाच्या तसा इंटरनेटवर शोधावा. जगात कोणाला ना कोणाला ती आधी आलेली असते.

आता तर मोबाईलला विचारले की कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र अख्खा प्रोग्राम लिहून देते. ते वापरू नका असे म्हणता येणार नाही. पण उत्तर उतरवून घेण्याआधी त्यातली प्रत्येक ओळ काय करते ते सांगता आले पाहिजे. आणि ते यंत्रही ठामपणे चुकते. एकराला १९३ गोण्यांचे उत्तर तेही देऊ शकते. शहानिशा आपलीच.

इथे हात लावू नका

स्वतः करून बघा म्हणताना कुंपणही घालायला हवे. सरकारी दप्तरावर प्रयोग करू नयेत. शिकायचे ते नकलेवर. सातबाऱ्यात चूक दिसली तर ती वाचायची तुम्ही, पण दुरुस्ती रीतसर. लेखनातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५५ खाली अर्ज करावा. तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना भेटावे. "दोनशे रुपये द्या, कॉम्प्युटरवर करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

दुसरे, अडचण आली म्हणून इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही मदत क्रमांकावर फोन करू नका. समोरचा गोड बोलून मोबाईलमध्ये ॲप टाकायला लावतो, तुमचा पडदा त्याला दिसू लागतो आणि ओटीपी विचारतो. ओटीपी कोणालाही द्यायचा नाही. फसगत झालीच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

गावाने काय करावे?

सरपंच आणि सदस्यांना एक विनंती. शाळेत किंवा वाचनालयात एखादा जुना कॉम्प्युटर पडून असेल तर संध्याकाळी दोन तास तो मुलांसाठी उघडा. आठवड्यातून एकदा प्रोग्रामचे चावडी वाचन लावा. एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि चूक दाखवायची. शिक्षक नसला तरी चालेल. शेजारी एक वही टांगा. ज्याला जी एरर आली आणि जशी सुटली, ती त्याने तारखेसह मराठीत लिहायची. वर्षभरात ती वही गावच्या मुलांचा सर होईल. रात्री दहा वाजताही तिला विचारता येईल.

आई-बापांनी एवढेच करावे. पोराने "एरर आली" म्हटले की "मग सरांना विचार" असे म्हणू नये. "काय लिहिलंय ते वाच बघू" असे म्हणावे. पंप बंद पडल्यावर तुमच्या वडिलांनी तुम्हाला हेच विचारले होते : "फ्यूज बघितलास का?"

भिंतीवर लावण्यासाठी

१. लाल मजकूर पूर्ण वाचा, वहीत उतरवा.
२. दाखवलेली ओळ आणि तिच्या वरची ओळ बघा.
३. प्रोग्राम ओळीओळीने मोठ्याने वाचा.
४. अर्धा भाग बाजूला ठेवून चूक कोंडा.
५. एका वेळी एकच बदल. नाही जमला तर मागे घ्या.
६. ज्याचे उत्तर पाठ आहे असा आकडा टाकून बघा.
७. पाऊण तासाने विचारा, पण पाच मुद्दे लिहून.
८. उत्तर सापडले की वहीत लिहा. पुढच्याला उपयोगी पडेल.